चाल तुटते कुठे? डीपी रोडवरचं उपनगर पायी चालण्याजोगं करताना

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात २४ मीटर रुंदीच्या डीपी रोडवर (महापालिकेच्या विकास आराखड्यातल्या रस्त्यावर) दोन्ही बाजूंना मिळून अठरा सोसायट्या आहेत. शाळा ७०० मीटरवर असूनही मुलं व्हॅनने जातात. ज्येष्ठ मंडळी आवारातच फेऱ्या मारतात. महापालिका आता या रस्त्याचं सुशोभीकरण करणार आहे, तर सोसायट्यांच्या फेडरेशनने नेमकं काय मागावं?

पहिली विनंती, कामाच्या नावातला ‘सुशोभीकरण’ हा शब्दच बदलून घ्या. तो शब्द असला की पैसा कुंड्या, कारंजी, रंगीत पेव्हर (फुटपाथवर बसवायचे काँक्रीटचे ठोकळे) आणि चौकातल्या चमकत्या नावपाटीत जातो. तुमच्या रस्त्याला हवी आहे ती सलगता. मागणी एका वाक्यात लिहा: शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत आणि तिथून भाजीच्या गाड्यांपर्यंत, व्हीलचेअरवरची व्यक्ती कुणाच्याही मदतीशिवाय, कुठेही अडकून मागे न फिरता जाऊ शकली पाहिजे. हे जमलं की बाबागाडी, काठी, गुडघेदुखी, दप्तर, डोक्यावरचं ओझं, सगळ्यांचंच जमतं. ७०० मीटरपैकी ६९० मीटर फुटपाथ उत्तम आणि एका ठिकाणी फूटभराची पायरी असेल, तर त्या व्यक्तीच्या दृष्टीने तिथे फुटपाथ नाहीच.

उपनगरं अशी का झाली हे समजून घेतलं तर दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. पुणे महापालिकेत १९९७ साली २३ गावं आली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३. या गावांत गावठाण दाट आणि चालण्याजोगं होतं, बाकी सगळी शेती. शेतीचा एकेक सर्व्हे नंबर एकेका बिल्डरने स्वतंत्र लेआउट करून बांधला आणि शेताच्या बांधाच्या जागी कंपाउंडची भिंत उभी राहिली. एका लेआउटचा आतला रस्ता शेजारच्या लेआउटला मिळत नाही, सगळे फक्त डीपी रोडला येऊन मिळतात. म्हणून खिडकीतून दिसणाऱ्या शाळेचं अंतर सरळ रेषेत दीडशे मीटर आणि रस्त्याने एक किलोमीटर होतं. शिवाय डीपी रोड आखले गेले वाहनांची गर्दी वाहून न्यायला, आणि त्यांच्यावर उघडणारी फाटकं, दुकानं, शाळा नंतर आल्या. तेव्हा काम दोन पातळ्यांवर आहे. डीपी रोडवरची चाल सलग करायची, आणि भिंतींतून पायवाटा मोकळ्या करायच्या. दुसरं स्वस्त आहे, पण वाटाघाटीचं आहे.

आधी मोजणी

आर्किटेक्टच्या चित्राआधी मोजणी हवी, आणि ती फेडरेशनने स्वतःच केली तर तिचं वजन वाढतं. कामाचा दिवस निवडा, सोमवार आणि शुक्रवार टाळा. वेळा तीन: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ८. दुपारची वेळ वगळू नका, कारण अर्धवेळ शाळा तेव्हाच सुटते आणि घरकाम करणाऱ्या बायका एका घरातून दुसऱ्या घरी जातात त्याही तेव्हाच. सोबत पाच मीटरचा टेप, एक मीटरची स्पिरिट लेव्हल, खडू आणि मोबाइल घ्या.

प्रत्येक अडथळ्यापाशी चार गोष्टी लिहा: चालायला उरलेली मोकळी रुंदी, डोक्यावरची मोकळी उंची, पायरीची उंची आणि आडवा उतार. उतार मोजायला लेव्हलपट्टी फुटपाथवर आडवी ठेवा, खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि खालची फट मोजा. २० मिमी आली तर उतार १:५०, म्हणजे ठीक. ४०-५० मिमी आली तर व्हीलचेअर सारखी रस्त्याकडे ओढली जाते आणि एका हाताने चाक धरून ठेवावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत (२०१२) किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आणि मोकळी उंची २.२ मीटर सांगितली आहे. हे दोन आकडे पाठ असू द्या. इंजिनिअरशी बोलताना ‘फुटपाथ छोटा आहे’ असं म्हणण्यापेक्षा ‘अमुक सोसायटीसमोर १.१ मीटर उरतोय, आयआरसीप्रमाणे १.८ हवा’ असं म्हटलं की चर्चा पुढे सरकते.

मोजणीच्या फेरीत चार माणसं हवीतच: व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, पांढरी काठी वापरणारी एक, आठ-नऊ वर्षांचं एक मूल आणि रोज चालत कामाला येणाऱ्या एक ताई. ‘आमच्याकडे कुणी चालतच नाही’ हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकू येतं. घरकाम करणाऱ्या बायका, वॉचमन, माळी, बांधकामावरचे मजूर रोज चालतात. ते सोसायटीच्या सभेला नसतात, एवढंच. त्यांच्या वाटा मोजल्या नाहीत, तर आराखडा मॉर्निंग वॉकपुरता होतो.

फाटकापाशीच चाल तुटते

सगळ्यात जास्त वेळ ज्या जागेवर घालवावा ती जागा म्हणजे सोसायटीचं फाटक. एका बाजूला नऊ सोसायट्या, प्रत्येकीला आत आणि बाहेर अशी दोन फाटकं धरली तर ७०० मीटरमध्ये अठरा वेळा फुटपाथ कापला जातो, म्हणजे साधारण दर चाळीस मीटरला एकदा. एखाद्या फाटकापाशी उभं राहून नीट बघा. फुटपाथ २५० ते ३०० मिमी उंच बांधलेला असतो, गाड्या चढू नयेत म्हणून. फाटकासमोर तो उभा कापून रस्त्याच्या पातळीला आणलेला असतो. कडेला सिमेंटचा एक घाईत थापलेला उतार असतो, १:३ किंवा १:४ चा. वर हिरवट शेवाळ, मध्ये चेंबरचं झाकण वर आलेलं आणि त्याच खोलगट जागेत पावसाचं पाणी साचलेलं. म्हातारा माणूस अशी दोन फाटकं ओलांडतो आणि तिसऱ्यापासून डांबरी रस्त्याच्या कडेने चालू लागतो. त्याचं चुकत नाही. तिथे निदान पातळी एक असते.

याला उपाय एकच. फाटकासमोर फुटपाथ त्याच पातळीवर सलग न्यायचा आणि चढ-उतार गाडीने करायचा. फुटपाथची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको. कर्ब (फुटपाथची रस्त्याकडची कड) आणि चालायचा पट्टा यांच्यामध्ये झाडं-खांबांचा जो पट्टा असतो, त्यातच गाडीचा रॅम्प बसवा. १५० मिमी चढायला १:८ उताराने १.२ मीटर लागतात, पट्टा २ मीटरचा असेल तर आरामात मावतो. चालायच्या पट्ट्यावरचा पेव्हर फाटकासमोरही त्याच रंगाचा ठेवा. गाडी चालवणाऱ्याला ‘मी कुणाच्या तरी वाटेवरून जातोय’ हे दिसलं की तो आपोआप दबकतो. चालायच्या पट्ट्यात ६० मिमी जाडीचा पेव्हर चालतो. फाटकासमोर मात्र ८० मिमीचा, आणि त्याखाली काँक्रीटचा थर. टँकर आणि कचऱ्याची गाडी रोज तिथूनच जाते. ठेकेदार सगळीकडे ६० मिमीच टाकतो आणि पहिल्या पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात.

खरं घोडं पेंड खातं ते आतल्या पातळीपाशी. पुष्कळ सोसायट्यांचं पार्किंग रस्त्यापेक्षा ३००-४५० मिमी उंच असतं आणि बिल्डरने त्याचा रॅम्प सरळ फुटपाथवर उतरवलेला असतो. तो रॅम्प कंपाउंडच्या आत घ्यावाच लागेल. यासाठी सोसायटीला आतले तीन-चार मीटर फोडून पुन्हा करावे लागतात, आणि हा खर्च फेडरेशनने आधीच मान्य करून ठेवावा. उलट सोसायटी रस्त्यापेक्षा खाली असेल तर फुटपाथ उंचावल्यावर पाणी आत जाईल ही भीती रास्त आहे. फाटकाच्या रेषेत पूर्ण रुंदीची जाळीची गटार घेऊन ती पावसाळी वाहिनीला जोडा. जाळीच्या फटी १२ मिमीच्या आत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर काठी आणि व्हीलचेअरचं पुढचं चाक अडकतं.

२४ मीटरची वाटणी

रुंदी पुरत नाही, असं सांगितलं जाईल. पुरते. भिंतीपासून सुरुवात करा: भिंतीलगत ०.५ मीटर सोडा, कारण भिंतीला घासून कुणी चालत नाही. मग २.० मीटर मोकळा चालायचा पट्टा. मग २.० मीटरचा बहुउपयोगी पट्टा, ज्यात झाडं, दिव्याचे खांब, महावितरणचे डीपी बॉक्स (वीजवाटपाच्या पेट्या), बसथांबा, बाक, पथविक्रेते आणि जिथे जागा असेल तिथे गाड्यांचं पार्किंग. मग ६.५ मीटरचा वाहनमार्ग, आतली लेन ३.० आणि बसची बाहेरची ३.५. एका बाजूचे ११ मीटर झाले. दोन्ही बाजूंचे २२. मधला दुभाजक २ मीटरचा. बेरीज बरोबर २४.

दुभाजकाचे २ मीटर ही चैन नाही. रस्ता दोन टप्प्यांत ओलांडताना बाबागाडी किंवा व्हीलचेअर मध्ये उभी राहायला तेवढी जागा लागतेच. ०.६ मीटरच्या दुभाजकावर आईने मुलाला कडेवर घेऊन उभं राहायचं आणि दोन्हीकडून बस जायच्या, हे दृश्य तुमच्याच रस्त्यावर संध्याकाळी दिसेल.

२४ मीटरमध्ये वेगळा सायकल ट्रॅक बसवायचा तर पार्किंग पूर्ण सोडावं लागतं. ते सोडायची तयारी नसेल तर फुटपाथवर लाल रंग मारून ‘सायकल ट्रॅक’ लिहू नका. त्यात चालणाऱ्याचाही पट्टा जातो आणि सायकलवाल्याचाही. त्यापेक्षा समांतर आतल्या रस्त्यांवर वाहनांचा वेग २० किमीपर्यंत आणून सायकली तिकडून न्या. ३० मीटरच्या रस्त्याचं गणित वेगळं, तिथे दोन्ही बाजूंना २-२ मीटरचा ट्रॅक नीट बसतो. १२ मीटरच्या आतल्या रस्त्यावर दोन्हीकडे २-२ मीटर फुटपाथ, ५.५ मीटर वाहनमार्ग आणि एका बाजूला २.५ मीटरमध्ये झाडं-पार्किंग आलटून पालटून. ९ मीटर आणि त्याखाली कर्ब नकोच. सगळा रस्ता एका पातळीत, पेव्हरचा, आणि वळणं देऊन वेग कमी केलेला. मीटरभराचा फुटपाथ करून तिथे कुणालाच सुख नाही.

अपेक्षित आक्षेप म्हणजे रस्ता अरुंद केला तर कोंडी वाढेल. रस्त्याची क्षमता चौकात ठरते, मधल्या लांबीत नाही. दोन चौकांमध्ये साडेनऊ मीटरचा वाहनमार्ग असला तरी उरलेल्या तीन मीटरमध्ये गाड्या उभ्याच असतात, आणि चौकात सगळे पुन्हा दोनच रांगांत येतात. लेनची संख्या तीच ठेवून सांडलेली जागा गोळा करायची, एवढंच इथे चाललंय.

चौक आणि मधली ओलांडणी

चौकाच्या कोपऱ्याची त्रिज्या १२ मीटर असेल तर दुचाकी आणि कार वेग कमी न करता डावीकडे वळतात. ती ५-६ मीटरवर आणा. अग्निशमन दल हरकत घेईल, आणि त्यांचं म्हणणं ऐकायचंच. कोपऱ्यात ५० मिमी उंचीचा दगडी खरबरीत पट्टा ठेवा, मोठी गाडी त्यावरून जाते, कार टाळते. मोकळा डावा, म्हणजे फ्री लेफ्ट, उपनगरात बंदच करावा. तिथे पादचाऱ्याला कधीच पाळी मिळत नाही.

सिग्नल असेल तर हिरव्या माणसाचे सेकंद मोजा. ज्येष्ठ माणसाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरा. ६.५ अधिक २ अधिक ६.५, म्हणजे १५ मीटर ओलांडायला त्यांना १९ सेकंद लागतात. मिळतात त्यापेक्षा कमी, आणि त्यातलेही पहिले तीन-चार झेब्रावर थांबलेल्या दुचाकी चुकवण्यात जातात. म्हणून स्टॉप लाइन झेब्राच्या किमान २ मीटर मागे हवी.

दोन चौकांमध्ये दर १५०-२०० मीटरला उंचावलेली ओलांडणी द्या, आणि तिची जागा मोजणीत जिथे लोक आत्ताच ओलांडतात तिथेच. बसथांब्यासमोर आणि शाळेच्या फाटकासमोर ती हवीच. ३० किमी वेगाने येणारी कार, चालकाला भानावर यायला एक सेकंद धरला तर, कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० किमीला साधारण २८ मीटर लागतात. फरक १५ मीटरचा, आणि शाळेचं मूल त्या १५ मीटरच्या आतच असतं.

या ओलांडणीत हमखास तीन चुका होतात. पहिली, ती स्पीडब्रेकरसारखी गोल केली जाते. वरचा भाग सपाट आणि किमान ४-५ मीटर रुंद हवा. बसच्या मार्गावर उंची १०० मिमी पुरे आणि चढ १:१५ चा, म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड मीटर. बस आदळत नाही आणि मागच्या सीटवरच्या प्रवाशांची पाठ वाचते. फुटपाथ १५० मिमीचा असेल तर उरलेल्या ५० मिमीसाठी १:१२ ने ६०० मिमीचा उतार द्या. दुसरी चूक, ती पेव्हरने करतात. ब्रेक लावताना चाकं पेव्हर पुढे ढकलतात आणि पावसाळा संपेपर्यंत कड उखडते. तिथे काँक्रीटच हवं. तिसरी चूक पाण्याची: ओलांडणी रस्त्याच्या कडेला बांधासारखी आडवी येते आणि चढाच्या बाजूला तळं साचतं. त्या बाजूला कडेलाच पावसाळी चेंबर घ्या. हे चेंबर नकाशात आधी दाखवलं नाही, तर नंतर कडेला फूटभर फट सोडतात, आणि व्हीलचेअर नेमकी तिथेच अडते.

फुटपाथवरून उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींबद्दल. बोलार्डने, म्हणजे वाट अडवायला रोवलेल्या बुटक्या खांबांनी, त्या अडत नाहीत. दोन बोलार्डमध्ये व्हीलचेअरसाठी किमान ९०० मिमी सोडावेच लागतात आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. फुटपाथच्या तोंडाशी गोल फिरणारी लोखंडी फाटकं बसवली जातात, ती तर आधी व्हीलचेअरला आणि गरोदर बाईला अडवतात, मग स्कूटरला. उलट येण्याचं कारण बहुतेक वेळा दुभाजकात असतं: यू-टर्न ६०० मीटरवर असला की लोक शंभर मीटरसाठी फुटपाथ धरतात. यू-टर्न २५०-३०० मीटरवर आणा, मग पोलिसांची कारवाई टिकते.

जमिनीखालचं आधी, वरचं नंतर

नवा फुटपाथ वर्षाच्या आत खोदला जातो, कारण खालचं काम कुणी आधी विचारलेलंच नसतं. काम सुरू होण्यापूर्वी पाणीपुरवठा, ड्रेनेज, महावितरण, गॅस आणि फायबरवाले यांची एकत्र बैठक पथ विभागाने घ्यावी, अशी मागणी लेखी करा. दर ५० मीटरला चाचणी खड्डा घेऊन खालच्या वाहिन्या प्रत्यक्ष बघाव्यात, जुने नकाशे भरवशाचे नसतात. बहुउपयोगी पट्ट्याखाली रिकामे पाइप टाकून ठेवा आणि दर १०० मीटरला रस्त्याला आडवे चार पाइप. पुढे कुणाला केबल टाकायची असेल तर ओढता येते, खोदावं लागत नाही. चेंबरची झाकणं चालायच्या पट्ट्यात येऊ नयेत, आलीच तर पातळीतला फरक ५ मिमीच्या आत. पावसाचं पाणी कर्बमधल्या तोंडातून आत घ्या, फुटपाथवरच्या जाळीतून नको.

दृष्टिहीनांसाठीच्या टॅक्टाइल टाइल्सबद्दल एवढं नक्की सांगायला हवं, कारण त्यांच्यात सर्वाधिक पैसा वाया जातो. टाइल ३०० × ३०० मिमी असते. उभ्या रेषांची टाइल म्हणजे ‘पुढे चला’, ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. सगळीकडे ठिपक्यांचीच टाइल लावली तर ती काहीच सांगत नाही. रेषांचा पट्टा कोणत्याही खांबापासून, झाडापासून, भिंतीपासून ६०० मिमी दूर हवा. तो पट्टा डीपी बॉक्सला जाऊन धडकत असेल तर नसलेला बरा, कारण पांढरी काठी वापरणारी व्यक्ती त्याच्यावर विश्वास ठेवून चालते. ओलांडणीच्या तोंडाशी, उताराआधी, ठिपक्यांच्या दोन ओळी, आणि रंग आजूबाजूच्या पेव्हरपेक्षा ठळक पिवळा.

कोण थांबणार, कुठे बसणार

सावली नसेल तर पुण्यात मार्च ते मे दुपारी कुणीच चालणार नाही. बहुउपयोगी पट्ट्यात दर ६-८ मीटरला झाड, मातीचा मोकळा चौकोन १.२ ते १.५ मीटर. कडुलिंब, करंज, बकुळ चांगले. वरून तारा असतील तिथे बहावा आणि ताम्हण. सप्तपर्णी पुण्यात फार लावून झाली, दिवाळीच्या सुमारास तिच्या उग्र वासाचा दम्याच्या लोकांना त्रास होतो. गुलमोहराच्या फांद्या वळवात तुटतात. खोडाभोवती काँक्रीट ओतू देऊ नका.

बाक दर ५०-१०० मीटरला. बसायची उंची ४५० मिमी, पाठ हवी आणि हातही हवेत, कारण गुडघे दुखणारा माणूस हातावर जोर देऊन उठतो. बाकाशेजारी १.२ मीटर जागा रिकामी, व्हीलचेअर लावायला. फुटपाथसाठी वेगळे दिवे ४-५ मीटर उंचीवर. रस्त्याचे उंच दिवे पाच वर्षांत झाडांच्या वर राहतात आणि खाली अंधार पडतो. मग संध्याकाळी सातनंतर बायका रस्त्याच्या मधल्या बाजूने चालू लागतात. कंपाउंडची भिंत १.२ मीटरच्या वर जाळीची केली तर हा अंधार आणखी कमी होतो.

भाजीवाले, इस्त्रीवाला, चहाची टपरी यांना हटवू नका. रस्त्यावर रात्री साडेनऊपर्यंत माणूस जागा असतो तो त्यांच्यामुळेच. पथविक्रेता कायदा २०१४ सालचा आहे, आणि त्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. त्या समितीमार्फत बहुउपयोगी पट्ट्यात जागा आखून घ्या: प्रत्येकी साधारण १.५ × २ मीटर, सहा-आठच्या गटात, ओलांडणीपासून दहा मीटर सोडून, जवळ पाण्याचा नळ आणि ओल्या कचऱ्याचा ड्रम. आखून दिलेली जागा नसेल तर गाडा चालायच्या पट्ट्यातच लागणार.

बागांची वेळ हा लहान वाटणारा पण फार मोठा प्रश्न आहे. पुण्यातल्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. सकाळी साडेसातपासून चार घरची कामं करणाऱ्या बाईला दुपारचा डबा खायला उपनगरात जागा नसते, ती जिन्याखाली किंवा फुटपाथच्या कडेला बसते. जवळच्या अ‍ॅमिनिटी स्पेसचा, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागेचा, एक कोपरा दिवसभर उघडा ठेवा. दोन झाडांभोवती ओटे, पिण्याचं पाणी, व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह. शेजारच्या गावठाणात मारुतीच्या देवळासमोर वडाला पार आहे, तो बघून या. सावली, टेकायला उंची, चारही बाजूंनी येण्याची वाट, सगळं त्यात आहे. त्या गावठाणातला रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव आला तर विरोध करा.

भिंतीतली वाट

दोन सोसायट्यांमधली भिंत दोन मीटर उघडली तर काही घरांचं शाळेचं अंतर निम्म्याच्या खाली येतं. सुरक्षिततेचं काय, हा प्रश्न येणारच. फाटक सकाळी ६ ते रात्री १० उघडं, कॅमेरा आणि दिवा, आणि वाट इमारतींच्या मधून न जाता कडेने. ‘एकदा वाट दिली की हक्क लागतो’ ही भीती कायद्याशी जोडलेली आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा आहे, आणि परवानगीने केलेल्या वापरातून तसा हक्क तयार होत नाही. म्हणून ‘परवानगीने वापर’ असं लिहून दरवर्षी नूतनीकरण होणारा करार करा, आणि वकिलाकडून मसुदा तपासून घ्या. विकास आराखड्यातल्या रस्त्याचा एखादा न जोडलेला तुकडा (मिसिंग लिंक) भूसंपादनासाठी वर्षानुवर्षं अडला असेल, तर पूर्ण रस्ता होईपर्यंत निदान तीन मीटरची पायवाट तरी करा, असं महापालिकेला लेखी सुचवा.

पार्किंगबद्दल फेडरेशनने आधी स्वतःकडे बघावं. जवळपास प्रत्येक फाटकावर ‘व्हिजिटर्स पार्किंग बाहेर’ अशी पाटी असते. ते बाहेर म्हणजेच फुटपाथ. आत पाहुण्यांच्या जागा मोकळ्या केल्याशिवाय रस्त्यावरच्या गाड्यांची तक्रार करता येणार नाही.

कागदावर काय मागायचं

पुणे महापालिकेची २०१६ सालची अर्बन स्ट्रीट डिझाइन गाइडलाइन्स आणि त्याच वर्षीचं पादचारी धोरण यांचा पत्रात उल्लेख करा, म्हणजे तुम्ही महापालिकेला तिचंच धोरण पाळायला सांगताय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चाही करा. औंधचा डीपी रोड आणि जंगली महाराज रस्ता इथे रुंद फुटपाथ झालेले आहेत. टेप घेऊन ते मोजून या, कोणतं टिकलं आणि कोणतं उखडलं ते लिहून आणा.

एस्टिमेट मागून घ्या आणि त्यात दोन गोष्टी शोधा: फाटकं आणि चौक. फुटपाथ चौरस मीटरवर मोजतात आणि फाटकाची रुंदी वजा करतात. चौक दुसऱ्याच कामात असतो, किंवा कुठेच नसतो. म्हणूनच नेमक्या याच जागा शेवटी कच्च्या राहतात. फाटकाची ओलांडणी आणि चौकाचा कोपरा हे वेगळे आयटम म्हणून संख्येने लिहायला लावा. निविदेत अट घाला की आधी एक फाटक आणि दोन्ही बाजूंचा मिळून ३० मीटरचा नमुना तुकडा पूर्ण करायचा, त्यावर व्हीलचेअर आणि काठी घेऊन फेरी होईल, आणि तो मंजूर झाल्यावरच पुढचं काम. डीएलपी, म्हणजे दोष दुरुस्तीची मुदत, किमान तीन पावसाळ्यांची.

चौकाचा बदल आधी ट्रॅफिक कोन आणि पाण्याने भरलेल्या बॅरिअरने करून बघा. एका चौकाला ४०-५० कोन, २०-२५ बॅरिअर आणि पांढरा रंग पुरतो. वाहतूक पोलिसांची परवानगी लागते. चाचणी जानेवारी-फेब्रुवारीत, शाळा सुरू असताना, किमान तीन आठवडे घ्या. पहिल्या चार दिवसांत गोंधळ होतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर संताप येतो, तेवढ्यावर चाचणी बंद करू नका. लोक दुसऱ्या आठवड्यात सरावतात. आधी आणि नंतर तेच आकडे मोजा: किती मुलं पायी ओलांडतात, वळणाऱ्या गाड्या किती वेगाने जातात, बसला किती वेळ लागतो. पक्कं काम ऑक्टोबर ते मे.

बाक, एखादा रॅम्प, एखादा दिवा अशी लहान कामं महापालिकेच्या सहभागी अंदाजपत्रकातून, म्हणजे नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठीच्या तरतुदीतून, मागता येतात. पुण्यात ही सोय २००६ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्जाची तारीख विचारून ठेवा, ती चुकली की वर्ष जातं.

आणि काम झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर, सकाळी पाणी ओसरायच्या आत, खडू घेऊन सगळे ७०० मीटर चाला. जिथे डबकं असेल त्याच्या कडेने रेघ मारा, फोटोत सोसायटीचं नाव येईल असा काढा आणि त्याच दिवशी डीएलपीची तक्रार म्हणून क्षेत्रीय कार्यालयात पोच घेऊन द्या. ऊन पडलं की डबकं वाळतं आणि खोलगट भाग कुणालाच दिसत नाही.